कर्ता

चौतीस पेपर. टेर्नाते बेट, अकरावी-ब.
विषय मीच दिलेला: लवंग कशी वाळवतात.
एक परिच्छेद, वीस गुण.
विषयवाक्याला चार, क्रम आणि सुसंगतीला पाच,
जोडशब्दांना तीन, व्याकरणाला पाच,
उरलेले तीन अक्षर आणि विरामचिन्हांचे.

गठ्ठ्याची दोरी सोडली तर आधी वास आला.
हंगाम आहे, पोरांच्या बोटांना तो असतोच,
वर्गात परीक्षा घेतली तरी.

पहिल्याच पेपरात नमनाला घडाभर तेल:
आपला देश मसाल्यांसाठी जगात प्रसिद्ध वगैरे,
लवंग येते सहाव्या ओळीत.
दुसऱ्याला शेंडा ना बुडखा.
अर्दियान्तीचा मात्र घोटीव,
प्रथम, त्यानंतर, अखेरीस,
माझ्याच फळ्यावरून उचललेले, खडूच्या धुळीसकट.
अठरा दिले. न देऊन सांगते कुणाला?

लवंग खुडली जाते.
देठ वेगळे केले जातात.
चटईवर पसरली जाते, चार उन्हं दिली जातात,
विकली जाते.
कृती सांगताना कर्मणी प्रयोग वापरावा,
हे मी जुलैत शिकवलं होतं. तेहेतीस जणांनी लक्षात ठेवलं.
एवढी लवंग, आणि झाडावर कुणीच नाही.

चौतिसावा मुख्लिसचा.

'आजोबा चढायचे. आता आई चढते.
मग रात्री आम्ही देठ मोडतो, टीव्ही लावून.
मग तळहात काळे होतात, ते साबणाने जात नाहीत.
मग पाऊस आला की बहीण ओरडते
आणि सगळे चटयांकडे धावतात, कोंबड्यासुद्धा.
मग हासानशेठ वजन करतात. म्हणतात ओली आहे, भाव कमी.
मग आई घरी येऊन खिशातली एक लवंग मोडते.
कट् वाजते.'

इथेच संपलं. खाली अर्धं पान कोरं.

विषयवाक्य नाही. पाच वेळा 'मग'.
समारोप नाही.
लवंग वाळली का ते विकण्याआधी पाहतात, नंतर नाही:
क्रम चुकला, पाचातले दोन.
'आई', 'आम्ही', 'बहीण' यांना गोल केले,
समासात लिहिलं: इथे कर्ता नको.
बेरीज अकरा.

दुसरे परीक्षक येरेमियास. हालमाहेराचे.
त्यांच्या घरी खोबरं वाळवतात.
माझे गुण न पाहता त्यांनी वेगळ्या कागदावर आपले मांडले,
नियमच तसा आहे,
आणि कागद सरकवला: अकरा.

मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.
मग रकाने पाहिले.
जोडशब्दांना त्यांनी शून्य दिला होता, मी एक.
अक्षराला एक, मी तीन.
क्रमाला पाचपैकी पाच.

'क्रम चुकलाय त्याचा,' मी म्हटलं.
त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.
'विकून आल्यावरच मोडली असेल ती,' म्हणाले.
'आमच्याकडेही शेठ खोबरं ओलं म्हणतो.
घरी आल्यावर आई एक तुकडा दाताखाली धरायची.
आम्हाला काही बोलायची नाही.'

वर पंखा फिरत होता, खालचे कागद फडफडत होते,
अर्दियान्तीचा अठरावाला सगळ्यात वर.

तक्त्यात एक रकाना असतो: दोन परीक्षकांतला फरक.
तिथे शून्य भरलं.
शेऱ्यात लिहिलं: गुण काळजीपूर्वक दिले गेले.
खाली दोघांच्या सह्या.

घरी जाताना अर्धा रस्ता चटयांनी अडलेला,
मोटारसायकली कडेकडेने, वेग कमी करून.
एक बाई पायानेच लवंगा पालथ्या करत होती.
मुख्लिसची आई कशी दिसते मला माहीत नाही.

पेपर सोमवारी परत दिले जातील.
मी देईन.
तो समासातलं वाचेल आणि हात वर करून विचारेल,
कर्ता का नको?
विचारतोच तो. गप्प बसणाऱ्यांतला नाही.